रियाधच्या बैठकीसाठी दुभाषी शोधताना

नाशिकहून आखाती देशांत द्राक्षे पाठवणाऱ्या एका निर्यातदाराचे हिशेब मी दुबईत बसून पाहतो. मागे रियाधच्या एका घाऊक खरेदीदाराबरोबर उधारीच्या अटी ठरवायच्या होत्या आणि त्यांचे ज्येष्ठ भागीदार अरबीखेरीज दुसरी भाषा बोलत नसल्याने अरबी-इंग्रजी दुभाषी हवा होता. ओळखीतून मिळालेल्या गृहस्थांचे बोलणे ओघवते होते, पण 'रिब्ह' म्हणजे नफा, हा शब्द त्यांनी सरळ 'इंटरेस्ट' असा सांगितला. विषय मुराबहाचा, म्हणजे व्याज निषिद्ध मानणाऱ्या इस्लामी पद्धतीच्या उधारीचा, चालला होता. त्यात बँक माल स्वतः विकत घेते आणि आधी सांगितलेला नफा लावून ग्राहकाला उधारीवर विकते. मी मात्र त्या 'इंटरेस्ट'वर विसंबून, पैसे थकले तर व्याज किती, असे विचारून बसलो, आणि समोरच्या वडीलधाऱ्यांनी हातातला कॉफीचा पेला मुकाट्याने खाली ठेवला.

आपली फसगत आणखी एका कारणाने होते. हिशेब, कर्ज, नफा, रक्कम, वसूल हे शब्द मुळात अरबी असून फारसीमार्गे मराठीत आले, त्यामुळे अर्धे बोलणे समजल्याचा भास होतो. प्रत्यक्षात व्यापारातला 'वकील' म्हणजे बहुधा एजंट, 'करार' म्हणजे निर्णय आणि 'रकम' म्हणजे नुसता आकडा.

दुसऱ्या खेपेला मी रीतसर शोध घेतला. न्याय मंत्रालयाचा परवाना असलेले कायदेशीर अनुवादक दुबईत पुष्कळ आहेत, पण कागद उत्तम उतरवणारा माणूस समोरासमोरच्या बोलण्यात टिकेलच असे नाही. परिषद-दुभाष्यांची १९५३ साली स्थापन झालेली 'एआयआयसी' ही आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या सदस्यांची सूची खुली ठेवते; तिथून आणि परिचितांकडून मिळालेल्या तिघांना मी फोनवर आकड्यांनी भरलेला एक अरबी उतारा ऐकवला. अरबीत 'मिल्यार' म्हणजे शंभर कोटी, आणि सत्तेचाळीस हा आकडा 'सात आणि चाळीस' असा येतो. आपल्या सत्तेचाळीसची घडणही तशीच असल्याने मला ते अवघड वाटत नव्हते, पण इंग्रजीत क्रम उलटा करताना दोघे अडखळले आणि त्यांतल्या एकाने मिल्यारचे मिलियन केले.

तिसऱ्या, एका सुदानी बाई, यांनी उलट मलाच प्रश्न विचारले. भागीदार कोणत्या भागातले, ताळेबंद दोन दिवस आधी मिळेल का, आणि इस्लामी वित्तव्यवहारांसाठी बहारीनच्या 'आओफी' संस्थेने केलेल्या मानकांतले शब्द वापरायचे की बँकेचे स्वतःचे? ऐकता ऐकताच भाषांतर करायचे असेल तर सोबतीला दुसरा दुभाषी घ्यावा लागेल, कारण अर्ध्या तासाने चुका वाढतात, हेही त्यांनी बजावले. दुप्पट खर्च माझ्या हिशेबनीस मनाला रुचला नाही, म्हणून थांबत थांबत बोलायचे ठरले.

बैठकीत भागीदारांनी 'एक वर्षाची मुदत' म्हटल्यावर बाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला, दोन्ही बाजूंची परवानगी घेतली आणि हे वर्ष हिजरी की इंग्रजी, असे विचारले. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. तोवर आम्ही दोघेही आपापले वर्ष धरून मान डोलावत होतो. शेवटी मसुद्यात 'एक वर्ष' खोडून ३१ मार्च ही तारीख लिहिली गेली.