फिल्म नको, सीडी मागा

मी जळगावला सराफ बाजारात दागिन्यांचं कॅड डिझाईन करतो, रोज आठ-दहा तास कॉम्प्युटरवर, अंगठ्या, पेंडंट, टॉप्सच्या जोड्या. टॉप्स करायचे तर एक बाजू बनवायची आणि मिरर मारायचा, दुसरी तयार. हीच कमांड माझ्या मावसभावाच्या डोक्यासाठी वापरताना बघीन असं कधी मनातही आलं नव्हतं.

तो अमळनेरचा. मागच्या वर्षी पारोळ्याजवळ हायवेला बाईकवरून पडला, हेल्मेट नव्हतं. मेंदूला सूज आली म्हणून त्याच रात्री उजव्या बाजूचं कवटीचं हाड काढावं लागलं, कारण कवटी म्हणजे बंद डबा, आत सूज आली की मेंदूला पसरायला जागाच नाही. बऱ्याचदा असं हाड डीप फ्रीजरमध्ये नाहीतर पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि नंतर परत बसवतात, पण याच्या हाडाचे तुकडे झालेले. जीव वाचला, सूज उतरली, आणि तिथे तळहाताएवढा खड्डा पडला. झोपला की थोडा भरायचा, उठून बसला की आत जायचा, मग डोकं दुखायचं, गरगरायचं. आम्ही म्हणायचो अशक्तपणा आहे. डॉक्टरांनी सांगितलं तसं नाही, वर हाडच नाही तर बाहेरच्या हवेचा दाब सरळ कातडीवरून मेंदूवर पडतो, आणि प्लेट बसवली की बऱ्याच जणांचा हा त्रास कमी होतो.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी लिहायला बसलो. प्लेट कॉम्प्युटरवर प्लॅन करायची म्हणून डॉक्टरांनी नवीन सीटी सांगितला, आम्ही एका सेंटरवर काढला, त्यांनी फिल्म दिली आणि रिपोर्ट दिला. ते घेऊन पुण्यात प्लॅनिंग करणाऱ्या इंजिनियरला फोन केला तर तो म्हणे फिल्मचं मी काय करू, सीडी लागेल, डायकॉम फाईल्स, म्हणजे सीटीची मूळ डिजिटल चित्रं लागतील. परत गेलो, सीडी मिळाली, तर स्लाइस, म्हणजे सीटीने डोक्याचे पाडलेले काप, ५ मिमीच्या. डोक्याच्या साध्या सीटीला तेवढं चालतं, पण त्यातून थ्रीडी केलं की कवटीला जिन्यासारख्या पायऱ्या पडतात. लागतात १ मिमी किंवा त्याहून पातळ, आणि मशीनची गँट्री, म्हणजे ज्यात डोकं जातं ते गोल कडं, न तिरपी करता. म्हणजे पुन्हा सीटी, पुन्हा पैसे, पुन्हा रेडिएशन, आणि त्या पोराला पुन्हा गाडीत घालून नेणं. आधी कुणी दोन वाक्यं सांगितली असती तर हे सगळं टळलं असतं, याचा मला अजून राग आहे.

नंतरचं काम मात्र मी डोळे भरून पाहिलं, इंजिनियरने स्क्रीन शेअर केली होती. सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, पाणी ०, हवा उणे १०००, हाड त्या मानाने खूप वर. त्याला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात, सीटी ज्यांनी आणला त्या गॉडफ्री हाउन्सफील्डच्या नावावरून, १९७९ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं होतं. ठराविक आकड्याच्या वरचं ठेवा, बाकी उडवा, की कवटी उरते. पण कानशिलाचं हाड इतकं पातळ की तिथे नसलेली भोकं दिसतात, ती हाताने भरावी लागतात. मग मधली रेघ ठरवून डावी बाजू उजवीकडे मिरर.

मला वाटलं संपलं काम. पण कुणाचंही डोकं दोन्ही बाजूंनी सारखं नसतं, मिरर केलेला तुकडा कडेला एकीकडे वर उचललेला आणि एकीकडे आत दबलेला होता. अर्धा दिवस फक्त कडेवर गेला. कड तिरकी ठेवली म्हणजे प्लेट आत घसरणार नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टरांनी फुगवटा थोडा कमी करायला लावला, कारण इतके महिने खड्ड्यात गेलेली कातडी आखडते, पूर्ण मापाची प्लेट ठेवली तर टाक्यांवर ताण येतो. आकार कॉम्प्युटरने दिला, पण त्यातलं काय सोडायचं ते सर्जनच्या हाताला माहीत. खड्डा मधली रेघ ओलांडून गेला असता तर मिररच चालला नसता, तिथे दुसऱ्या कवट्यांवरून अंदाज बांधतात, त्यासाठी २०२० मध्ये ऑटोइम्प्लांट म्हणून कॉम्प्युटर प्रोग्रामची स्पर्धाही झाली.

टायटॅनियम, पीक (PEEK) नावाचं कडक प्लॅस्टिक असे पर्याय होते, आम्ही बोन सिमेंट घेतलं, परवडणारं. ते घट्ट होताना चांगलंच तापतं, म्हणून डोक्यावर न थापता थ्रीडी प्रिंट केलेल्या साच्यात बाहेरच घडवतात. सोन्याच्या ओतकामासारखंच, साचा चुकला तर माल चुकला. आणि साचा पीएलएचा, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचा असेल तर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे गरम वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनमध्ये टाकायचा नाही, ६० अंशाच्या आसपासच तो मऊ पडतो, इथिलीन ऑक्साइड गॅसने निर्जंतुक करावा लागतो.

ऑपरेशनच्या आधी कवटीचं पांढरं मॉडेल घरी आलं, प्लेटचा तुकडा वेगळा. मावशीने ते मांडीवर घेतलं, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, म्हणाली, "हाई मना पोऱ्यानं डोकं शे?" मी हो म्हटलं. तिने पदराने ते पुसलं आणि तुकडा स्वतःच बसवून पाहिला, दोनदा.

प्लेट बसून आता पाच महिने झाले, तो उठून बसतो, गरगरणं गेलंय. पुढे कधी इन्फेक्शन झालं तर प्लेट काढावी लागते आणि नवीन करायला हीच फाईल लागते, म्हणून सीडी आणि पेनड्राईव्ह दोन्ही मावशीच्या कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत आहेत, आणि एक कॉपी माझ्याकडे.