कमोडभोवतीची फरशी : टाइल बसवण्याआधीचे काम

पुण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटमधील संडासाची फरशी बदलायची ठरली, तेव्हा कंत्राटदाराने जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवण्याचा सल्ला दिला. तो आम्ही मानला नाही, कारण कमोडच्या बुडाजवळच्या टाइल हलत होत्या, सांध्यांतले पांढरे सिमेंट भुगा होऊन निघत होते आणि हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत होता. पाणी कुठून मुरते हे कळण्यापूर्वी वर काहीही बसवणे म्हणजे खर्च दोनदा करणे होय.

आमचा कमोड एस-ट्रॅपचा, म्हणजे त्याचे तोंड जमिनीतल्या पाइपात उतरणारे. हा सांधा सैल झाला की प्रत्येक फ्लशबरोबर थोडे पाणी विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात झिरपते, तिथे साठून राहते आणि बऱ्याच काळाने खालच्या घराच्या छतावर डाग होऊन दिसते. म्हणून कमोड उचलणे अटळ होते. गवंड्याने भुसभुशीत कोबा छिन्नीने पार घट्ट थर लागेपर्यंत काढला, प्लंबरने सांधा नवा केला, आणि पाइपाभोवतीची खाच न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. त्यानंतर सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, ओतून एकास चार प्रमाणाचा सिमेंट-वाळूचा माल घातला. नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीच्या तोंडाकडे, एकास ऐंशीचा उतार, म्हणजे चार फुटांत सुमारे १५ मिलिमीटर, ठेवला. भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यांत गोल वाटा, म्हणजे मालाची गोलाई, मारला आणि पॉलिमरयुक्त वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे, भिंतीवर फूटभर चढवून दिले.

यानंतरची पाणी साठवण्याची चाचणी टाळण्याकडे कंत्राटदारांचा कल असतो, आणि नेमकी तीच मी सोडणार नव्हतो. ट्रॅप आणि पाइपाचे तोंड बंद करून ४८ तास पाणी उभे केले आणि त्या काळात खालच्या शेजाऱ्यांचे छत पाहत राहिलो.

एक हिशेब मात्र टाइल आणण्याआधीच करावा लागतो : टाइलची आणि चिकटवणाऱ्या थराची जाडी धरून पाइपाचे तोंड तयार फरशीच्या पातळीला यायला हवे, नाहीतर कमोड नीट बसत नाही. भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचे नऊ इंचांचे अंतरही भिंतीच्या नव्या टाइलपासून मोजावे. कमोडच्या कडेला पांढऱ्या सिमेंटऐवजी सिलिकॉन भरून मागची थोडी फट मोकळी ठेवली आहे. पुढे सांधा गळलाच तर पाणी कोब्यात मुरण्याऐवजी फरशीवर दिसावे, एवढाच तिचा हेतू.