अश्व-मॉडेल अपडेट: स्वादुपिंडाचं कडं पुन्हा तडकलं

यकृत आणि जठर मागच्या फोटोत होते तिथेच आहेत. सगळा वेळ एकट्या स्वादुपिंडाने खाल्ला.

घोड्याचं स्वादुपिंड ढोबळमानाने तिकोनी, मध्यरेषेच्या उजवीकडे जास्त पसरलेलं. तेवढं सोपं. पण पोर्टल व्हेन, म्हणजे आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणारी शीर, त्याच्या आरपार जाते. कुत्र्यात तिच्यासाठी नुसती खाच असते, त्यामुळे कुत्र्याचं मॉडेल करणाऱ्यांची चैन आहे. घोड्यात ग्रंथी शिरेभोवती पूर्ण कडं करते. आपलं मॉडेल ओझूंच्या (कागदी लगद्याची शरीररचनेची मॉडेलं बनवणारे फ्रेंच डॉक्टर) धर्तीवर सुटं होणारं. कडं अखंड ठेवलं तर स्वादुपिंड बाहेर निघत नाही, आणि कापलं तर घोड्याचं वैशिष्ट्यच गेलं.

म्हणून कड्याला बारीक फट ठेवून तारेवर एअर-ड्राय क्ले चढवली. क्ले वाळताना आकसते, तार आकसत नाही, की सर्वांत अरुंद जागी तडा ठरलेला. पाकिटावर ‘आकसत नाही’ छापणाऱ्याला एकदा माझ्या टेबलाशी बसवायला हवं. ओझू कागदाच्या लगद्यात बुचाची भुकटी घालत, तेही करून बघणार होतो.

होतो म्हणतोय, कारण हे टाइप करतानाच सुचलं: कडं कशाला कापायचं? शीर कापू! पोर्टल व्हेनचे दोन तुकडे, एक यकृताकडून, एक आतड्याकडून, सांधा कड्याच्या आत दडलेला, टोकांना चुंबक. मग कडं अखंड, तारेची गरजच नाही. तेल लावलेल्या परीक्षानळीभोवती इपॉक्सी पुट्टीचं वळतो. बुचाची भुकटी राहू दे.

स्वादुपिंडाच्या नलिका मात्र झकास जमल्या. मुख्य नलिका ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) पित्तनलिकेच्या शेजारी मोठ्या पॅपिलावर, म्हणजे आतल्या उंचवट्यावर, उघडते, सहायक नलिका समोरच्या भिंतीवर लहान पॅपिलावर. दोन्ही तांब्याच्या तारेच्या. पित्ताशय नाहीच, तेवढी मेहनत घोड्याने वाचवली. पित्त आणि स्वादुरस दोन्ही सतत झिरपत असतात, म्हणून पॅपिलांवर वॉर्निशचा ओलसर थेंब ठेवलाय. बघत बसावंसं वाटतं.

आता बाजूला लँगरहान्सच्या बेटाची, म्हणजे स्वादुपिंडातल्या संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्याची, मोठी चकती लावायचा विचार आहे. उंदराच्या आकृतीवरून गिरवू नका कुणी: तिथे बीटा पेशी मध्यभागी असतात. घोड्यात ग्लुकागॉनवाल्या (रक्तातली साखर वाढवणारं संप्रेरक) अल्फा मध्ये आणि इन्सुलिनवाल्या बीटा कडेला. अल्फा विटकरी, बीटा मोरपंखी करतोय. आणि तीन मिलिमीटरचे चुंबक सुटे कुठे मिळतात? शंभराचं पाकीट नकोय.