तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रंथालयाचा टूलबार पुन्हा का नाही?

‘तो टूलबार बंद का केलात? नवा बनवून द्या ना!’ प्राध्यापक विचारतात, पीएचडीची मुलं विचारतात, दुसऱ्या विद्यापीठांतले ग्रंथपालही विचारतात. एकदाचं नीट सांगतो.

टूलबार म्हणजे ब्राउझरच्या खिडकीत वर दिसणारी ग्रंथालयाची पट्टी. ती ग्रंथालयांनी बंद केली नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये ॲनेट बेली आणि गॉडमार बॅक यांनी लिबएक्स हा टूलबार उभा केला. ओपॅकचा (ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीचा) पत्ता, प्रॉक्सीचा (बाहेरून जर्नल्स उघडून देणाऱ्या ग्रंथालयाच्या सर्व्हरचा) पत्ता, लोगो एवढं भरलं की कोड न लिहिता आपल्या ग्रंथालयाची आवृत्ती तयार. पानावर आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) दिसला की त्याची ओपॅककडे जाणारी लिंक आपोआप बने. फायरफॉक्समधली ती पट्टी झूल नावाच्या यंत्रणेवर उभी होती. झूलमुळे एक्स्टेन्शनला (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामला) थेट ब्राउझरच्या खिडकीत स्वतःची ओळ घालता येई. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आलं आणि झूलवरची एक्स्टेन्शन्स एका अपडेटसरशी निकामी झाली. नव्या पद्धतीत बटण मिळतं, बटणाखाली उघडणारी छोटी खिडकी मिळते, साइडबार मिळतो. पट्टी मिळत नाही. क्रोमने तर ती कधी दिलीच नाही, उलट डिसेंबर २०१३ मध्ये ‘एका एक्स्टेन्शनचं काम एकच’ असा नियम केला. झूल एक्स्टेन्शनला ब्राउझरमधलं जवळजवळ काहीही वाचता-बदलता येई, त्यामुळे सुरक्षेसाठी फायरफॉक्सचा तो निर्णय योग्यच होता. पण ज्या ग्रंथालयात प्रोग्रामरच नाही, त्याने सगळं नव्याने कोणाकडून लिहून घ्यायचं?

रोजची कामं मात्र पट्टीवाचून होतात. तुमची प्रॉक्सी ईझीप्रॉक्सी या सॉफ्टवेअरवर असेल तर बुकमार्कलेट (बुकमार्कसारखं ठेवायचं आणि दाबलं की चालणारं) पुरतं: उघड्या पानाच्या पत्त्यापुढे प्रॉक्सीचा पत्ता आणि ‘लॉगिन?यूआरएल=’ (login?url=) जोडणारी जावास्क्रिप्टची एक ओळ. ‘यूआरएल=’ नंतरचा पत्ता जसाच्या तसा ठेवायचा; एन्कोड करणार असाल तर ‘क्यूयूआरएल=’ (qurl=) लिहायचं. पान आधीच प्रॉक्सीतून उघडलं असेल तर पुन्हा जोडू नये, ही तपासणी त्या ओळीतच हवी. सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या ‘होस्ट कॉन्फिगमध्ये नाही’, म्हणजे ही साइट ईझीप्रॉक्सीच्या यादीत नाही, असं सांगणाऱ्या पानावरून. विद्यार्थ्याला वाटतं, ग्रंथालयाने जर्नल घेतलंच नाही. बऱ्याचदा प्रकाशकाने डोमेन बदललेलं असतं. यादीतल्या त्या प्रकाशकाच्या होस्ट आणि डोमेनच्या ओळी सुधारून ईझीप्रॉक्सी रीस्टार्ट केल्याशिवाय ते पान जात नाही. आणि लॉगिन इन्फ्लिबनेटच्या (विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राच्या) इन्फेड या सामायिक लॉगिन सेवेतून असेल तर हे बुकमार्कलेट उपयोगाचं नाही. तिथे संस्था आधीच निवडलेली लिंक लागते, ती प्रत्येक प्रकाशकाची वेगळी.

कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरच्या ओपॅकसाठी क्रोमच्या सेटिंग्जमधला ‘साइट शोध’ वापरा. ओपॅकमध्ये एखादा शब्द शोधा, आलेल्या पत्त्यातल्या त्या शब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि लगेच इंग्रजी छोटा एस घाला, शॉर्टकट द्या. अ‍ॅड्रेस बारमध्ये शॉर्टकट, टॅब, पुस्तकाचं नाव. देवनागरीतही चालतं.

एक्स्टेन्शनच हवं असेल तर परवानगी फक्त ‘अ‍ॅक्टिव्ह टॅब’ची मागा. ती बटण दाबल्यावरच लागू होते. सगळ्या साइट्सची मागितलीत तर ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणार आणि बदलणार’ अशी सूचना येते आणि मुलं तिथेच थांबतात, बरोबरच करतात. नंतरच्या अपडेटमध्ये ती परवानगी वाढवलीत, तर वापरणाऱ्याने पुन्हा होकार देईपर्यंत क्रोम एक्स्टेन्शन बंद ठेवतं. पण आयएसबीएन आपोआप ओळखायचा तर सगळ्या साइट्सची हीच परवानगी लागते. लिबएक्समधली मला सगळ्यात मोलाची वाटणारी सोय इथेच अडते.

पट्टी डोळ्यांसमोर असली की ग्रंथालय डोळ्यांसमोर राहतं, असं मी पूर्वी हिरिरीने सांगायचो. तो मुद्दा मला आजही खोडता येत नाही. क्रोममध्ये नवं एक्स्टेन्शन कोड्याच्या तुकड्याच्या चिन्हामागे जातं. ते पिन करायला शिकवावं लागतं. म्हणून आधी कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून बुकमार्क पट्टी कायम दिसती करा आणि बुकमार्कलेट तिच्यावर ठेवा. पहिल्या वर्षाच्या ओरिएंटेशनमध्ये हे हातांनी करून घ्या. आणि आयएसबीएनची लिंक हवीच असेल, तर विद्यार्थ्यांकडे तेवढी मोठी परवानगी मागायला तुमचं विद्यापीठ तयार आहे का, ते आधी विचारून या.