अर्काइव्हमधली फाइल पूर्ण होती

"मॅडम, तुमच्याकडून फाइल अर्धीच आलीये," लोडर टीममधल्या मुलाने फोनवर सांगितलं. लोडर म्हणजे आलेल्या फाइलमधल्या नोंदी आतल्या सिस्टिममध्ये भरणारा प्रोग्राम. त्यावर मी जे बोलले ते अजून टोचतंय. म्हणाले, "अर्धी कशी येईल? माझ्यासमोर उघडी आहे. ४ लाख ९५ हजार ओळी आहेत. तुझा लोडर तपास." वर ओळी मोजलेला स्क्रीनशॉटही पाठवला, मॅनेजरना कॉपीत ठेवून.

त्या स्क्रीनशॉटमध्ये खोटं काहीच नव्हतं. तरी तो मुलगा पुढचे दोन दिवस आपल्या प्रोग्राममध्ये नसलेली चूक शोधत बसला.

माझं काम फाइल ट्रान्सफर सर्व्हर सांभाळायचं. बाहेरच्या संस्था रात्री एसएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षितपणे फाइल पाठवायच्या पद्धतीने, फाइली टाकतात, आमच्या स्क्रिप्ट त्या उचलून आतल्या सिस्टिमकडे पोचवतात, आणि एक प्रत अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या फाइली जपून ठेवायच्या फोल्डरमध्ये, जाते. लोकांना वाटतं मी दिवसभर हॅकरांशी झुंजते. प्रत्यक्षात कोणीतरी लॉगिनची डिजिटल किल्ली बदललेली असते आणि कळवलेलं नसतं, कोणाचा आयपी बदललेला असतो, कोणी फाइलच्या नावात स्पेस टाकलेली असते. नाहीतर डिस्कवर ढीगभर जागा मोकळी असूनही सर्व्हर 'जागा नाही' म्हणत असतो, कारण लाखो चिमुकल्या फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलमागे डिस्कवर लागणारी एक नोंद) संपवलेले असतात. आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणी नवा उत्साही अ‍ॅडमिन परमिशनची अडचण आली की फोल्डरला सरळ ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, देऊन टाकतो. आमच्या युजरांचे लॉगिन सीरूटमध्ये, म्हणजे एकाच फोल्डरच्या आत, बांधलेले आहेत, आणि ओपनएसएसएच या सर्व्हर सॉफ्टवेअरचा नियम असा की ते फोल्डर रूटचंच (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचंच) हवं, दुसऱ्या कोणाला त्यात लिहिता येता कामा नये. ७७७ दिलं की लॉगिनच बंद. मग सगळे विचारतात, परमिशन वाढवली तरी बंद कसं पडलं?

असो. ही फाइल मीटर रीडिंगची होती. रोज पहाटे दोनच्या सुमारास बाहेरची एजन्सी टाकते, तीनला लोडर चालतो, सकाळी बिलिंग. महिनाअखेरीच्या त्या पहाटे लोडरने ४ लाख ९५ हजारांऐवजी सुमारे ३ लाख १८ हजार नोंदी घेतल्या. आरडाओरड झाली नाही, कारण ज्या ग्राहकाचं रीडिंग येत नाही त्याला सिस्टिम गुपचूप सरासरीचं बिल लावते. १ लाख ७७ हजार लोकांना सरासरी लागली आणि कुणाच्याही स्क्रीनवर लाल दिवा लागला नाही. शेवटी कॉल सेंटरमधल्या एका बाईंच्या लक्षात आलं की तक्रारी एकाच भागातल्या मीटरांच्या आहेत. आमच्या मॉनिटरिंगच्या एवढ्या सगळ्या डॅशबोर्डांपेक्षा त्या बाई भारी निघाल्या.

एजन्सी म्हणाली, आमच्या लॉगमध्ये पूर्ण फाइल गेल्याची नोंद आहे. मी म्हणाले, माझ्या अर्काइव्हमध्ये पूर्ण फाइल आहे. दोन्ही टोकांना पूर्ण, म्हणजे गडबड लोडरमध्ये. सरळ हिशोब होता. मॅनेजरनी मीटिंगमध्ये तोच मांडला आणि तो मुलगा गप्प बसला. त्याच्या नाकारलेल्या नोंदींच्या फाइलमध्ये एक ओळ मीटर नंबराच्या मधोमध तुटलेली होती, हे त्याने सांगितलं होतं. पण रोजच पाच-दहा नोंदी नाकारल्या जातात, म्हणून तिकडे कोणी बघितलं नाही. मीसुद्धा नाही.

तिसऱ्या रात्री त्याने मला काही न लिहिता फक्त लोडर सर्व्हरवरच्या फाइलची यादी पाठवली. साइज ६,०३,९१,४२४ बाइट. माझ्याकडच्या प्रतीची ९,४१,१८,३०७. मी दोन्ही फाइली शेजारी घेऊन सीएमपी ही बाइट-बाइट ताडून बघणारी कमांड चालवली. ६,०३,९१,४२४ बाइटपर्यंत एका अक्षराचा फरक नाही, आणि तिथे लहान फाइल संपते. डेटा बिघडला असता तर फरक मधेच कुठेतरी दिसला असता. हा तर सुरीने कापल्यासारखा काप होता. कापलेलं आहे म्हटल्यावर मी सवयीने तो आकडा ३२,७६८ ने भागला. बाकी शून्य. बरोबर १,८४३.

३२,७६८ म्हणजे ३२ केबी. बरेचसे एसएफटीपी क्लायंट फाइल एवढ्याच तुकड्यांनी पाठवतात. लोडरला तुकड्यातुकड्यांशी काय देणंघेणं? हा काप अपलोड चालू असताना पडलेला होता. म्हणजे माझ्या घरात.

मग मी आधीच बघायला हवं होतं ते बघितलं. माझ्या स्क्रिप्टच्या लॉगप्रमाणे फाइल अर्काइव्हमध्ये हलवली २ वाजून १४ मिनिटं २ सेकंदांनी. अर्काइव्हमधल्या त्याच फाइलची शेवटची बदलाची वेळ: २ वाजून १७ मिनिटं. कपाटात ठेवून कुलूप लावल्यावर तीन मिनिटांनी वहीत कोणी लिहिलं?

एजन्सीनेच लिहिलं. लिनक्समध्ये फाइल वेगळी आणि तिचं नाव वेगळं. नाव म्हणजे फोल्डरमधली एक नोंद, खरा माल आयनोडमागे. एकाच पार्टिशनवर (डिस्कच्या एकाच भागात) फाइल हलवली तर माल जागचा हलत नाही, दारावरची पाटी तेवढी बदलते. ज्याने ती फाइल आधीच उघडून धरली आहे त्याला पाटी बदलल्याचं कळतसुद्धा नाही, तो लिहीत राहतो. एजन्सीच्या मशीनवर महिनाअखेरीचं दुसरं काम चालू होतं, डेटाबेसमधून थेट अपलोडमध्ये ओतला जाणारा ओघ दोन-अडीच मिनिटं अडला. माझ्या स्क्रिप्टने दर मिनिटाला साइज बघितली, दोनदा तीच दिसली, "झाली पूर्ण" म्हणून लोडरकडे प्रत पाठवली आणि मूळ फाइल अर्काइव्हमध्ये सरकवली. मग ओघ सुरू झाला. उरलेले सुमारे ३ कोटी ३७ लाख बाइट बिनबोभाट अर्काइव्हमधल्या फाइलला जाऊन जोडले गेले.

एसएफटीपीच्या लॉगमध्ये शिक्कामोर्तब होतं. फाइल बंद केल्याची ओळ २:१७:४१ ची, लिहिलेले बाइट ९,४१,१८,३०७, आणि मार्ग मात्र जुन्याच इनकमिंग फोल्डरचा, जिथे त्या नावाचं तेव्हा काहीही नव्हतं.

अर्काइव्ह वेगळ्या पार्टिशनवर असतं तर हलवताना खरोखरची प्रत झाली असती, तीही अर्धीच राहिली असती आणि हे प्रकरण दहा मिनिटांत उलगडलं असतं. एकाच पार्टिशनवर ठेवायची युक्ती माझी. हलवणं क्षणात होतं म्हणून मी नवीन मुलांना ती कौतुकाने दाखवत असे.

साइज दोनदा सारखी आली की फाइल पूर्ण, हा नियमही माझाच, सात वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी एजन्सीला सांगितलं होतं की फाइल आधी .टीएमपी अशा तात्पुरत्या नावाने टाका आणि संपली की नाव बदला. या धंद्यात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्यांचं उत्तर आलं, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नाही. मी भांडले नाही.

नंतरच्या मीटिंगमध्ये एका साहेबांनी विचारलं, एवढ्या जुन्या तंत्रज्ञानात 'फाइल पूर्ण झाली' हे कळायची सोय कशी नाही? मी सांगितलं, फाइल पाठवायचा मूळ नियमसंच एफटीपी अभय भूषण यांनी १९७१ साली आरएफसी ११४ या तांत्रिक टिपणात मांडला. आज वापरात असलेल्या एफटीपीत पाठवणाऱ्याला २२६ हा कोड मिळतो, म्हणजे पोचली. पण तो मिळतो पाठवणाऱ्याला. फोल्डरवर डोळा ठेवून बसलेल्या तिसऱ्याला कोणी काही सांगत नाही. एसएफटीपीत तर नुसतं उघडा, लिहा, बंद करा. बंद झाल्याच्या इशाऱ्यावर विसंबावं म्हटलं तर कनेक्शन तुटलं तरी सर्व्हर स्वतःच ती फाइल बंद करतो, इशारा तोच येतो आणि फाइल अर्धी असते. लॉगमध्ये तेवढं 'फोर्स्ड क्लोज' असं दिसतं. साहेबांनी मान डोलावली आणि मिनिट्समध्ये लिहिलं, "सर्व्हर अपग्रेडचा विचार व्हावा." अपग्रेडने यातलं काय बदलणार होतं, देव जाणे.

एजन्सीने आता दोन्ही केलं आहे. आधी तात्पुरतं नाव, नंतर खरं. आणि शेवटच्या ओळीत एकूण नोंदींचा आकडा. तो जुळला नाही तर लोडर फाइल घेतच नाही. सात वर्षं जे सॉफ्टवेअरला जमत नव्हतं ते एका दुपारी जमलं. बिलं दुरुस्त झाली. मी त्या मुलाची माफी मागितली, मॅनेजरना कॉपीत ठेवूनच. तो म्हणाला, "मॅडम, होतं असं."

पण माझ्या स्क्रिप्टचे लॉग ९० दिवसच ठेवतो. हलवल्याची वेळ आणि फाइल बदलल्याची वेळ मी त्या ९० दिवसांसाठी जुळवून बघितली. आणखी दोन दिवस सापडले, दोन्ही महिनाअखेरीचे. त्यामागच्या फाइली अर्काइव्हमध्ये आहेत आणि सगळ्या पूर्ण आहेत, त्यांच्यावरून काहीच कळणार नाही. रोज किती ओळी लोड झाल्या याचा दोन वर्षांचा तक्ता लोडर टीमकडे आहे. त्या मुलाकडेच. तो मागायला मी अजून फोन केलेला नाही.