सातात चौदा नावं, बारात पड

आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा मी पहिल्यांदा नीट वाचला तो वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तोही खारघरच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर पडून, मोबाईलवर. त्याआधी कधी गरजच पडली नव्हती, सही करायची असली की कोणीतरी कागद पुढे सरकवायचं आणि मी खिशात पेन शोधायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सातबारा म्हणजे दोन वेगळे नमुने एका कागदावर, गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची ते आणि बारामध्ये तिथे काय पिकतं ते. आमच्या सातात चौदा नावं निघाली. त्यातले दोघं वारलेत, एक आत्या मालाडला, एक चुलतभाऊ दुबईत, एका वहिनीला मी आयुष्यात दोनदा पाहिलंय. आणि बारात? एका गटाला भात, बाकी दोन गटांना नुसतं "पड", म्हणजे काहीच लावलेलं नाही.

चौदा मालक आणि जमीन पड. कसतो कोण तर एकटे नाना, माझे धाकटे काका, वय एकाहत्तर.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे 1 जुलैला कृषी दिन असतो आणि त्या दिवशी दरवर्षीसारखा आमच्या ग्रुपवर पूर आला. तरुणांनो शेतीकडे वळा, मातीशी नातं जोडा, खाली हिरव्यागार शेताचा फोटो, आणि तो फोटो नक्की पंजाबचा असणार कारण एवढं सपाट शेत आमच्या तालुक्यात कोणाकडेच नाही. टाकणारे सगळे माझ्यासारखेच, पनवेल-ठाणे-डोंबिवली. मीही अंगठा टाकला. मग म्हटलं अरे आपण कोणाला सांगतोय हे.

आमचा तालुका अलिबाग. बाहेरच्यांना अलिबाग म्हणजे वीकेंड, लाँच, बीच, पॉप्युलर माणसांचे बंगले. आमच्यासाठी भात आणि भात काढल्यावर त्याच रानात पांढरा कांदा. जमिनीला भाव तसा आधीपासूनच होता पण 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, गाडीसकट माणूस तासाभरात अलीकडे यायला लागला, आणि 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू उघडला तेव्हा तर काय बोलायचं. त्या आठवड्यात माझ्या फोनवर ज्या माणसांचे फोन आले त्यातले अर्धे मला दहावीनंतर कधी भेटलेच नव्हते. सगळ्यांचा एकच प्रश्न, "तुमचा गट रोड टच आहे का रे?" वर पेण, पनवेल, उरणमधली 124 गावं नव्या शहरासाठी काढलेली. एकरात कोणी बोलतच नाही, गुंठ्यात बोलतात, चाळीस गुंठ्यांचा एकर हे आता लहान पोरालाही पाठ.

आता माझी गोष्ट, कारण दुसऱ्यांवर बोट दाखवायच्या आधी ही सांगायला हवी.

चार वर्षांपूर्वी मी सही केली. ओढ्याकडचा तुकडा होता, तेव्हाही तिथे काही पिकत नव्हतं, सगळ्यांचं ठरलं, मी पण गेलो, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात अंगठे-फोटो झाले आणि बाहेर येऊन वडापाव खाल्ला. माझ्या वाट्याचे पैसे फ्लॅटच्या लोनमध्ये गेले. नाना पण होते सह्या करायला, त्यांनी नाही म्हटलं नाही, फक्त येताना गाडीत म्हणाले की पाण्याचं काय ते बघा. आम्हाला वाटलं म्हातारा माणूस, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो.

पाण्याचं म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडची भातखाचरं पायरीपायरीने उतरत जातात, वरच्या खाचरातलं जास्तीचं पाणी बांधाला तोंड पाडून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, शेवटी ओढ्यात. त्याला ना पाईप ना गटार, प्रत्येकाच्या शेतातून दुसऱ्याचं पाणी जातं आणि कोणी कोणाला अडवत नाही, हा करार कुठल्या कागदावर नाही. नव्या मालकाने पहिली गोष्ट काय केली, तर मुरुमाचे डंपर ओतून तुकडा पाच फूट उचलला आणि भोवती पत्र्याचं कंपाऊंड. झालं. जुलैत लावणी उरकली आणि तिसऱ्या दिवशी जो पाऊस धरला त्यात नानांच्या अठरा गुंठ्यांत गुडघाभर पाणी आठ दिवस उभं. आवण, म्हणजे भाताची रोपं, नुकतंच लावलेलं, मूळ धरायच्या आधीच कुजलं. मी त्या शनिवारी गेलो होतो. वरून बघितलं तर तळं वाटत होतं, मधे मधे पिवळी पडलेली टोकं तरंगत होती आणि वास, तो कुजक्या चाऱ्याचा वास कपड्यांतून जाईना. नाना बांधावर खोरं घेऊन उभे होते, पाणी काढायला जागाच नव्हती तरी खोरं हातात. मला म्हणाले, "तुमी सह्या केल्या बरोबर हाय, पन पानी काय सह्या वाचत नाय."

दुसऱ्या वर्षी त्यांनी अर्ध्यातच लावलं. आणि त्या उन्हाळ्यात ओढ्याकडचा तुकडा विकून देणारा एजंट परत पडवीत येऊन बसला, नाना आता हे ठेवून काय करणार, पिकत तर नाही.

म्हणजे बघा कसं होतं ते. एक तुकडा विकला जातो, तिथे भराव पडतो, शेजारच्याचं पीक मरतं, मग शेजारच्याच्या शेताला नापीक म्हणून भाव पाडून मागतात, तो विकतो, तिथे भराव पडतो. लोक म्हणतात पोरं शेती करत नाहीत म्हणून जमिनी चालल्या. आमच्या शिवारात तरी मी उलटं बघितलंय, आधी जमीन मोडते आणि मग पोरगा सोडतो.

आमच्यापासून जवळच चरी गाव आहे. शाळेत असताना आम्हाला तिथे सहलीसारखं नेलं होतं, तेव्हा काही डोक्यात शिरलं नाही. 1933 साली तिथल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांच्या, म्हणजे तिथल्या जमीनदारांच्या, विरोधात संप केला, पंचवीसेक गावं, आणि संप कसला तर शेतं कसायचीच नाहीत. सहा वर्षं. जंगलातून मोळ्या आणून विकल्या, उपास काढले, पण खोताच्या जमिनीत नांगर घातला नाही. बाबासाहेब आंबेडकर तिथे सभेला येऊन गेलेत. त्यातूनच पुढे कुळाला, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, कूळ म्हणून मान्यता, मग कूळकायदा, कसेल त्याची जमीन. आमच्या आजोबांच्या नावावर जमीन लागली ती त्याच कायद्याने, नाहीतर आम्ही सात पिढ्या दुसऱ्याच्याच रानात राबलेलो. त्यांनी हक्क मिळावा म्हणून शेतं ओस ठेवली. आमच्याकडे हक्क आहे, चौदा जणांकडे आहे, आणि शेतं ओसच आहेत, संपबिंप काही नाही.

गंमत म्हणजे त्याच कायद्याची भीती आज आडवी येते. मी वहिनींना विचारलं की तुमच्या हिश्श्यात दुसऱ्या कोणाला खंडाने का नाही देत, पड टाकण्यापेक्षा बरं. लगेच म्हणाल्या, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल. सगळ्यांच्या डोक्यात हेच. म्हणून कोणी कागदावर जमीन कसायला देत नाही, दिली तर तोंडी, एका वर्षापुरती. आणि तोंडी घेतलेल्या जमिनीत कुठला पोरगा बोअर मारणार की बांध घालणार, तुम्हीच सांगा.

आता नानांचा धाकटा. वय चोवीस, आयटीआय फिटर, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, शिफ्ट ड्युटी. हा पोरगा लहानपणापासून शेतात नको म्हणायचा. लॉकडाऊनमध्ये घरी बसला होता तेव्हा त्याच्या आईने त्याला कांद्याच्या रोपांना बसवलं आणि तिथून काय झालं देव जाणे. गेल्या सीझनला त्याने सहा गुंठ्यांत कांदा केला, सहाच, उंचावरचा तुकडा जिथे पाणी साचत नाही. बियाणं घरचं, काकू दरवर्षी थोडे कांदे परत लावून डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येऊ देतात आणि बी धरतात, विकतच्या बियाला हात लावू देत नाहीत. भात कापून झाल्यावर वाफे, मग रोपं, फेब्रुवारीत काढणी. पहाटे पाणी देऊन हा आठच्या शिफ्टला जायचा.

मला त्यातला माळांचा भाग सगळ्यात आवडतो. कांदा पातीसकट काढून वाळवतात आणि मग पडवीत बायका बसून पातीला पात वळत वेणी घालतात, खाली मोठे कांदे, वर लहान होत जातात. काकूंचा हात एवढा चालतो की बोलता बोलता माळ होते, मी एक करायला घेतली तर ती उचलल्यावर तीन कांदे टप टप खाली. वाडगाव, कार्ले, खंडाळे, नेहुली इकडचा हा कांदा, थोडा चपटा, तिखट नाही, बुक्कीने फोडून भाकरी आणि सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर खाऊन बघा, डोळ्यातून टिपूस येत नाही. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय त्याला. (रस्त्यावर अलिबागचा म्हणून भलताच पांढरा कांदा पण विकतात, गोल गरगरीत आणि अगदी पांढराशुभ्र दिसला तर जरा चावून बघा.)

साडेतीनशेच्या आसपास माळा झाल्या. अर्ध्या अलिबाग-पेण रोडला टेबल टाकून, अर्ध्या व्हॉट्सअॅपवर, माझ्या सोसायटीतच पन्नासेक गेल्या. मजुरी, खत, माळा वळायचे पैसे सगळं जाऊन त्याच्या हातात पंचेचाळीस हजार राहिले. श्रीमंत नाही झाला. पण कॉन्ट्रॅक्टच्या पगारात तीन-साडेतीन महिने जातात एवढे जमवायला, ते सहा गुंठ्यांतून आले.

तर यंदा त्याला वीस गुंठे करायचे होते, ठिबक टाकायचं होतं, पीककर्ज काढायला बँकेत गेला. तिथल्या साहेबाने सातबारा बघितला आणि म्हणाला तुझं नाव कुठे आहे यात? नानांचं आहे म्हटल्यावर बरं, मग बाकीच्या तेरा जणांचं संमतीपत्र आणा, वारलेल्यांचे वारस लावून आणा. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार येतात ते पण ज्याच्या नावावर जमीन त्याला, घाम कोणाचा ते कोणी विचारत नाही. ई-पीक पाहणी त्याने नानांच्या खात्यावरून स्वतः शेतात उभं राहून फोटो काढून केली, म्हणून तर बारात त्या एका गटाला पीक दिसतंय, नाहीतर तिथे पण पडच असतं. पोरगा मला एवढंच म्हणाला, "दादा, मी नोकरी सोडायला तयार हाय, पन सोडून उभा कशावर राहू?" आणि लग्नाचं तर विचारूच नका, मुलीकडच्यांना जमीन पाहिजे पण जमिनीत काम करणारा नको.

महाराष्ट्रात 1970-71 ला एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर होतं, 2015-16 च्या मोजणीत ते 1.34 वर आलं. हे आकडे मला आधीपासून माहीत होते, यूपीएससीच्या नादात पाठ केलेले. तेव्हा वाटायचं जमीन कमी झाली. आमचा कागद बघून कळलं की एवढ्याशा जमिनीवर पण चौदा हात आहेत आणि नानांनंतर कसणारा हात त्यात नाहीच.

म्हणून ग्रुपवर मी आता अंगठे टाकत नाही, सरळ विचारतो की तुमच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का आणि गावाला कसतं कोण. दोघांनी उत्तर दिलं, बाकी सगळे गप्प, एकाने गुड मॉर्निंग टाकलं. आणि एखाद्या पोराला करायचीच असेल शेती तर मी त्याला नोकरी सोड असं मुळीच सांगणार नाही, पाच-सहा गुंठे घे, एक रब्बी कर, पैसे स्वतः मोज, मग बोल. पण त्या आधी बापाने, काकाने, माझ्यासारख्या चुलतभावाने कागद मोकळा करून द्यायला हवा, तोही जिवंत असताना. पोराला भाषण देण्यापेक्षा ते अवघड आहे कारण त्यात आपला हिस्सा जातो.

आम्ही वाटपाचं काढलंय. तहसीलदाराकडे कलम 85 खाली, सगळ्यांची संमती असेल तर आपसात वाटप होतं. उंचावरचे वीस गुंठे धाकट्याच्या नावे करायचे, माझा हिस्सा त्यात पहिला सोडलाय, फार काही मोठेपणा नाही, ओढ्याकडच्या तुकड्याचे पैसे खाल्लेत ते डोक्यात आहेच. बायकोने विचारलं भाव वाढला तर? मी म्हटलं वाढेल. पुढे काही बोललो नाही. ती पण नाही बोलली, पण त्या रात्री जेवताना माळेतला कांदा तिने फोडला नाही, मलाच फोडायला लावला.

वारलेल्या दोघांच्या वारसांची नोंद झाली. दुबईवाला पॉवर ऑफ अॅटर्नी पाठवतो म्हणालाय, तीन महिने झाले म्हणतोय. वहिनींनी सही दिली, फक्त अट घातली की तांदूळ पूर्वीसारखा वर्षाला एक पोतं पोचला पाहिजे. अकरा झाल्या. उरलेल्यांत मालाडच्या आत्या सगळ्यात अवघड, त्यांना कोणीतरी सांगितलंय की सही केली की नाव जातं, आणि ते खरंच आहे, नाव जाणारच आहे. रविवारी जातोय त्यांच्याकडे. दोन माळा बाजूला काढून ठेवल्यात, काकूंनी स्वतः वळलेल्या.