हीटिंग ऑइलमध्ये बायोडिझेल मिसळताना आधी टाकी बघा

थंड हवामानात घर तापवायच्या हीटिंग ऑइलमध्ये, म्हणजे डिझेलसारख्या खनिज तेलात, बायोडिझेल (वनस्पती तेलावर किंवा चरबीवर प्रक्रिया करून केलेलं इंधन) मिसळायचं म्हटलं की सगळे आधी बर्नरची चौकशी करतात. खरी गोम मात्र टाकीत आणि तिथून निघणाऱ्या नळीत असते. 20 टक्के बायोडिझेलचं मिश्रण, म्हणजे बी20, सुस्थितीतला बर्नर सहसा नीट जाळतो. प्रश्न असतो तो इंधन बर्नरपर्यंत पोचण्याचा.

गारठ्यात बायोडिझेलमध्ये मेणासारखे बारीक स्फटिक धरतात आणि ते गढूळ होतं. हे किती तापमानाला घडेल ते मूळ तेलावर ठरतं. कॅनोलाचं साधारण उणे 3 अंश सेल्सिअसला, सोयाबीनचं 0 च्या आसपास, पाम तेलाचं किंवा जनावरांच्या चरबीचं तर 12-15 अंशांनाच. तळणीच्या जुन्या तेलाचा नेम नाही. म्हणून भावाच्या आधी पुरवठादाराला क्लाउड पॉइंट, म्हणजे हे गढूळ होण्याचं तापमान, विचारा. तयार मिश्रण पारदर्शक बाटलीत भरून कडाक्याच्या थंडीच्या रात्री बाहेर ठेवा. सकाळी तळाशी पांढुरका थर दिसला, तर उघड्यावरच्या टाकीत फिल्टर त्याच थराने तुंबणार. अशा वेळी हिवाळ्यात बी5 वर या, किंवा मिश्रणातल्या हीटिंग ऑइलचा काही भाग केरोसीनने बदला. टाकी तळघरात असेल तर हा त्रास बराच कमी.

मिसळण्याचा क्रमही महत्त्वाचा. बायोडिझेल जड असतं. थंडगार टाकीत तसंच ओतलं तर तळाशी जाऊन बसतं, आणि नळी बहुधा तिथूनच निघते. आधी हीटिंग ऑइल घ्या, मग बायोडिझेल त्याच्या क्लाउड पॉइंटपेक्षा निदान 6 अंश गरम असताना त्यात सोडा. 1000 लिटर मिश्रणात सुरुवातीला 50 लिटर पुरे. एक हंगाम सुरळीत गेला की 200.

बायोडिझेल जुना गाळ सोडवतं. वर्षानुवर्षं टाकीच्या भिंतींना चिकटलेलं सगळं सुटून फिल्टरमध्ये येतं, आणि लोक नव्या इंधनाला दोष देतात. टाकीच्या तळाचं पाणी आणि चिखल आधीच काढून टाका, जादा फिल्टर घरात ठेवा, आणि पहिल्या भरणीनंतर काही आठवड्यांतच फिल्टर बदला. पंपाचं सील नायट्राइल रबराचं असेल तर जास्त प्रमाणातल्या मिश्रणाने ते फुगतं आणि गळू लागतं. तिथे व्हायटॉन या जास्त टिकाऊ रबराचं सील हवं. तांबं आणि पितळ बायोडिझेल लवकर खराब करतात, हेही नळी निवडताना ध्यानात असू द्या.

बर्नरची हवा मात्र तंत्रज्ञाकडून धुराचं विश्लेषण करूनच बसवून घ्या, अंदाजाने नको. बायोडिझेलमध्ये वजनाने सुमारे 11 टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर हवा जास्त होऊ शकते. शुद्ध बायोडिझेलची ज्योत कमी उजळ असते. ज्योत ओळखणाऱ्या कॅड सेलला ती कधी कधी दिसत नाही आणि बर्नर लॉकआउट होतो, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो. लिटरमागे उष्णताही सुमारे 8 टक्के कमी मिळते.

नुसतं खाद्यतेल टाकीत ओतण्याचा मोह आवरा. ते बायोडिझेलच्या सात-आठ पट घट्ट असतं, साध्या नोझलमधून त्याचा फवारा नीट होत नाही आणि भट्टीत काजळी साचते.

उरलेलं शुद्ध बायोडिझेल सहा महिन्यांत वापरून टाका. सांडलेलं पुसलेली फडकी ढीग करून ठेवू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका.